बादलीतलं क्लोरीन

टोमॅटोच्या हरितगृहात स्तांका आडवी पडली होती. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. शेजारी एक बादली. क्लोरीनचा वास नाकात झोंबत होता.

"धुताना ब्लीच आणि ॲसिड, दोन बाटल्या एकत्र ओतल्या हिनं," पेन्चो म्हणाला. हरितगृह त्याचं, स्तांका त्याची मेव्हणी.

रुग्णवाहिकेची नर्स रुम्याना आणि ड्रायव्हर असेन यांनी हातमोजे घालून तिला बाहेर आणलं. भराभर तिचे कपडे उतरवले, अंग धुतलं, ऑक्सिजन लावला.

"आभाळ भरून आलंय का?" पेन्चोनं विचारलं. असेन तर उन्हापायी डोळ्यांवर आडवा हात धरून उभा होता.

रुम्यानानं मोबाइल काढला. लक्षणं भरली की संशयित विषं दाखवणारं ॲप होतं त्यात. तिनं क्लोरीन निवडलं. खोकला? नाही. डोळे लाल? नाही.

"त्या मोबाइलशी काय खेळत बसलीस? ने की तिला!" पेन्चो खेकसला.

रुम्यानानं क्लोरीन पुसलं. जे दिसत होतं तेवढंच भरलं: लाळ, घाम, उडणारे स्नायू, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. उत्तर आलं: कीटकनाशक. उतारा, ॲट्रोपीन.

"आज फवारणी झाली?"

"नाही."

"हरितगृहाची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच. का?"

तिनं फोनवरून डॉक्टरांचा होकार घेतला, सुई टोचली आणि मग वळली.

"हिच्या निळ्या ॲप्रनवर ब्लीचचा एक डाग नाही, पेन्चो. बादली तू नंतर आणून ठेवलीस. आणि फवारलंसही तूच. नाकातोंडाला मास्क लावलास, डोळे उघडेच ठेवलेस. या विषानं बाहुल्या आकसतात, मग भर दुपारीसुद्धा अंधारून येतं. गाडीच्या आरशात बघ जरा."

पेन्चोनं आरशात पाहिलं. त्याच्याही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"बंदी असलेलं औषध होतं. फवारल्यावर दोन दिवस आत कुणी जायचं नसतं. पण आज ट्रक येणार होता, माल तोडायचा होता... पोलिसांची भीती वाटली गं."

"या बादलीच्या नाटकापायी तिची वीस मिनिटं खाल्लीस तू."

"वाचेल ना?"

रुम्यानानं दुसरी सुई भरायला घेतली. "तुलाही दवाखान्यात यायचंय. कपडे बदल, डोळे धू आणि चढ."

गाडीत जागा फक्त स्तांकाच्या पायांशी होती. तिथं बसून तो तिच्या छातीकडे पाहत राहिला. तिचा पुढचा श्वास येईपर्यंत दर वेळी त्याचा स्वतःचा श्वास अडत होता.