चौथ्या चाकाचा वेग

दसऱ्याला गाडीच्या तीनच चाकांखाली लिंबू ठेवायचं. मागच्या डाव्या चाकाखाली नाही. आणि काहून नाही, ते विचारायचं नाही.

श्रीधररावांच्या घरातला हा नियम त्यांच्या मुलीला, उन्नतीला कळला, तेव्हा ती पुण्यातलं इंजिनिअरिंग संपवून नुकतीच नागपूरला परतली होती. चौथं लिंबू घेऊन ती चाकापाशी उकिडवी बसली, तोच प्रमोदिनीआत्याने ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"तीनच."

"अख्खी गल्ली चार ठेवते, आत्या. आपली गाडी काय ऑटो आहे?"

"जास्त शायनिंग नको मारू वं. मोठ्यांनी सांगितलं ना एकदा?"

'मोठ्यांनी सांगितलं' हे दोन शब्द ऐकले की उन्नतीचं डोकं फिरायचं. मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या हँगरात ती आता नोकरीला होती. तिथे कुणी "विचारू नको" म्हटलं असतं, तर ते विमान जमिनीवरून हललं नसतं. घरात मात्र तीन लिंबं चिरडून गाडी दरवर्षी मुकाट बाहेर पडे.

यंदा गाडी विकायची ठरली. सात सीटांची होती. ओळखीतला गोविंदा ती हुडकेश्वरकडची मुलं शाळेत सोडायला घेणार होता, दसऱ्याच्या मुहूर्तावर. अडचण एकच होती. गाडी घसरतेय असं सांगणारं पिवळं चिन्ह डॅशबोर्डवर पुन्हा पुन्हा लागायचं, कोरड्या ठणठणीत सडकेवर.

"तो दिवा तेवढा विझवून दे," बाबा म्हणाले. "तुझ्या त्या मशीननं पुसता येते ना?"

"दिवा पुसता येतो, बाबा. बिघाड नाही."

बिघाड साधा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एखादं चाक वेगळ्याच गतीने फिरतंय असं वाटलं, की गाडी समजते आपण घसरतोय. मग ती इंजिनचा जोर काढून घेते, आपणहून ब्रेक मारते. महिन्यापूर्वी हुडकेश्वरच्या पुढे, नाल्याच्या पुलावर, गाडीने असाच गचका खाल्ला होता. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. तिथे उद्या शाळेची मुलं बसलेली असणार होती.

तिने प्रीतम मेकॅनिकला गाठलं. टायर सारखे आहेत का पाहिलं, हवा मोजली. प्रीतमने मागच्या डाव्या चाकाच्या वेगाचा सेन्सर बदलला. दिवा लागलाच. मग त्याने बेअरिंग बदललं, वायर नवी टाकली.

"उंदरानं खाल्ली असन म्हणलं तर वायर बी नवी हाय, म्याडम," प्रीतम डोकं खाजवत म्हणाला. "आता काय माणूस बदलवू?"

"सेन्सर आपसात बदलू. डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. खोट सेन्सरात असेल तर ती उजवीकडे जाईल."

खोट डावीकडेच राहिली.

प्रीतमने हात पुसले. मग हळूच म्हणाला, "एक सांगू? दिवा गावात कुठंच लागत नाही. पुलावरच लागते. येताना नाही, जातानाच... मी तीनदा नेली. चौथ्यांदा नाही नेणार."

उन्नतीला भीती नाही वाटली, उलट तिचे कान टवकारले. जागा ठरलेली, दिशा ठरलेली. म्हणजे मोजता येण्यासारखं काहीतरी होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच निघाली. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं. सडक पांढरी पडली होती आणि कुत्रीसुद्धा पानठेल्यांच्या सावलीत निपचित होती. तिने गाडीला स्कॅनर जोडला होता, त्यामुळे फोनच्या पडद्यावर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी दिसत होते. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. हुडकेश्वरचे नवे ले-आउट मागे पडले, बांधकामांचा आवाज थांबला. पूल आला.

चाळीस, चाळीस, चाळीस... चार.

दिवा लागला. गाडी कुणी मागून धरल्यासारखी मंदावली. मागे कुणी नव्हतं. तिने डावा आरसा खाली झुकवून मागचं चाक पाहिलं. चाक इतरांसारखंच गरगर फिरत होतं. आकडा मात्र चारच दाखवत होता. मध्येच साडेतीन, पुन्हा चार. यंत्राचा वेग असा सारखा वरखाली होत नाही. असा वेग थकलेल्या पावलांचा असतो.

तिने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. गाडी वळवली आणि घरी आणली.

पोर्चमध्ये गाडी थांबली, तेव्हा दुपार सुन्न झाली होती. आतून आत्याच्या पंख्याची करकर तेवढी येत होती. इंजिन बंद केलं, बॅटरीला चार्जर लावला आणि चावी तेवढी चालू ठेवली. मग तिने पडद्याकडे पाहिलं.

शून्य, शून्य, शून्य... चार.

गाडी उभी होती. चौथं चाक उभं होतं. आकडा चालत होता.

दुसरं कुणी असतं तर आत पळालं असतं. उन्नतीने प्लास्टिकची खुर्ची ओढली, पाण्याची बाटली घेतली आणि पडद्यासमोर ठिय्या दिला. एक वाजला. दीड वाजला. चार. साडेतीन. मध्ये पाच मिनिटं शून्य, जणू कुणी सावलीला टेकलं. पुन्हा चार, या वेळी जरा घाईने. दोन वाजले. गल्लीत भांडीवाला ओरडून गेला. त्याच्यामागे एक वास आला. ओला, जळकट, गोडसर. गुडाखूचा, म्हणजे दातांना लावायच्या गुळातंबाखूचा, वास. कुणीतरी गुडाखूने दात घासत फाटकापाशी उभं असावं, इतका जवळून.

फाटकापाशी कुणी नव्हतं.

तीनला पाच कमी असताना आकडा शून्य झाला आणि शून्यच राहिला.

तिने वहीत हिशेब मांडला. पुलापासून घर अकरा किलोमीटर. ताशी चारच्या चालीने पावणेतीन तास. बारा दहा ते दोन पंचावन्न. थांबलेली पाच मिनिटं घाईने भरून निघालेली. मिनिटाचाही फरक नव्हता.

कुणीतरी पुलावरून निघून, गाडीमागे चालत चालत, घरी पोचलं होतं.

गुडाखू या घरात एकच बाई लावायची. पंचफुलामावशी. घरकामाला होती, मागच्या खोलीत राहायची. उन्नतीची वेणी सातवीपर्यंत तिनेच घातली होती. लॉकडाऊनमध्ये उन्नती पुण्याच्या हॉस्टेलात अडकली होती, तेव्हा "पंचफुला गावाकडे गेली" एवढंच फोनवर कळलं. नंतर "तिकडेच वारली". उन्नतीने तेव्हा विचारलं होतं, कशाने? बाबा म्हणाले होते, आता काय विचारायचं त्यात.

संध्याकाळी तिने वही आत्यासमोर टाकली. बाबा चहा पीत होते.

"पुलावर काय झालं होतं?"

आत्याने वहीकडे पाहिलंच नाही. "सणासुदीचं काय घेऊन बसली वं तू..."

"आत्या, ती घरापर्यंत चालत येऊन राहिली आहे. आज पावणेतीन तास चालली. मी बसून मोजलं."

कप बशीवर वाजला. मग बाबाच बोलले, अगदी हळू, खिडकीकडे पाहत.

"तिले खोकला झाला होता. सगळे घाबरून राहिले होते तेव्हा... मीच म्हटलं, गावी जा. बसा बंद होत्या. ती पायी निघाली. दुपारी माझ्याजवळ पास होता, मी प्रमोदिनीले उमरेडला सोडायला निघालो..."

"त्याच सडकेनं," उन्नती म्हणाली.

"पुलावर पोलिसांनी अडथळे लावले होते. गाडी हळू झाली. तिनं ओळखली. मागच्या डाव्या दाराची कडी धरली आणि... सोबत चालू लागली. 'भाऊ, थोडं पुढं सोडून द्या' म्हणे."

"दाराशी कोण बसलं होतं?"

आत्याच्या हातातली जपमाळ थांबली होती. "काच बंद होती," ती म्हणाली. "मी... लॉक दाबलं. तिनं दाबताना पाहिलं मले."

"मग?"

"मग श्रीधरनं गाडी काढली. कडी तिनं सोडली नाही लवकर. चार-पाच पावलं पळाली." आत्याने जपमाळ मांडीवर ठेवली. "तिसऱ्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. त्या दसऱ्याले मी चारही लिंबं ठेवली होती. तीन चिरडली. चौथं... ओट्यावर होतं. धुतलेलं. सुरीशेजारी. ती श्रीधरच्या सकाळच्या सरबतासाठी ठेवायची ना, तसं."

रात्रभर उन्नती रागाने धुमसली, आणि रागाखाली एक शंका खुपत राहिली. थोडं पुढं सोडून द्या, असं म्हणणारी बाई घराकडे का चालत येत होती?

दसऱ्याच्या सकाळी गोविंदा नवा शर्ट घालून, झेंडूचं तोरण घेऊन आला. बाबांनी गाडी धुतली होती. आत्याने ताटात लिंबं आणली. तीन.

"दिवा पुसला ना?" बाबांनी विचारलं. डोळे त्यांनी वर केले नाहीत.

"नाही."

"उन्नती, गोविंदा थांबला आहे."

"गोविंदाभाऊ, घरी जा. या गाडीत पोरं बसवू नका. कारण बाबा सांगतील तुम्हाला, कधी हिंमत झाली तर." तिने किल्ली मुठीत धरली. "मी पुसणार नाही. ही गाडी आज मावशीच्या गावाला जाईल. तुम्ही दोघं सोबत याल आणि तिच्या माणसांना सांगाल, जे काल मला सांगितलं."

"लोक काय म्हणतील वं..." आत्या पुटपुटली.

उन्नतीने चावी चालू केली, फोन छतावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि गाडीचं मागचं डावं दार सताड उघडलं.

"ये, मावशी. बस."

चौथा आकडा शून्यावरून चारवर गेला. तीन झाला. एक झाला. शून्य. गाडीची मागची डावी बाजू किंचित खाली बसली आणि पिवळा दिवा विझला. गोविंदाच्या हातातलं तोरण खाली पडलं. आत्या हुंदका देऊन म्हणाली, "झालं. पोचली बिचारी. आता झालं..."

उन्नतीलाही क्षणभर तसंच वाटलं. दार लावायला ती वळली, आणि तिची नजर पडद्यावर गेली.

मागचं उजवं चाक. दोन.

एक. दोन. दीड. बारीक, अडखळत, घाईघाईने पडणाऱ्या पावलांसारखं. मोठ्या माणसाच्या मागे पडलेलं एखादं लहान पोर फाटकाकडे येत होतं. वाटेत मागे राहिलेल्या त्या पोराला आणायलाच ती दर वेळी पुलावरून परत फिरत असेल?

"बाबा," ती म्हणाली. "तिच्यासोबत कोण होतं?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने ताटातल्या लिंबांकडे.

"आत्या, कोण होतं?"

पिवळा दिवा पुन्हा लागला.

"सांगेपर्यंत गाडी हलणार नाही," उन्नती म्हणाली आणि उजवं दार उघडून उभी राहिली. आत्याने ताटातलं एक लिंबू काढून घेतलं; दोनच उरली. पडद्यावर दोन, दीड, दोन.