उतरताना तेवीस

बॅगेचं वजन पुन्हा करू नकोस, तीनदा झालंय. ये, बस इथे. भावालाही बोलाव, आणि त्याला म्हणावं मोबाइल आत ठेवून ये.

मघाशी जेवताना तू म्हणालीस, "उद्या पहाटे साडेचारला जाते मी." आईने लगेच दुरुस्त केलं, "येते म्हणावं." तू हसलीस. हसण्यासारखंच आहे. मी चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. एका शब्दाने विमान पडत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरी मी ताट तसंच सोडून उठलो. म्हणून सांगतो. सांगावं की नाही हे मात्र अजून ठरत नाहीये. पहिल्यांदाच एकटी परदेशी निघालेल्या मुलीला आदल्या रात्री असलं काही ऐकवणारा काका काही फार शहाणा नव्हे.

काय म्हणालास? भुताची आहे का? माहीत नाही रे. त्यात भूत दिसत नाही. तू आधी नीट बस.

जिनेसरांना तुम्ही पाहिलेलं नाही. कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत बसायचे, बांधकाम शिकवायचे. जिना हा विषय निघाला की त्यांना तास संपल्याची घंटा ऐकू यायची नाही, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. पुस्तकातल्या एका आकृतीवर त्यांचा फार जीव होता. परदेशातल्या एका जुन्या महालाच्या बुरुजात एक दगडी गोल जिना आहे. शहाण्णव पायऱ्या, आणि मधे खांब नाही. प्रत्येक पायरी भिंतीवर आणि खालच्या पायरीवर रेललेली. एकतीस वर्षं त्यांनी ती आकृती फळ्यावर काढली. जिना मात्र पाहिलेला नव्हता. निवृत्त झाले त्या दिवशी मला म्हणाले, "आता मरायच्या आधी त्या पायरीवर पाय ठेवायचा. बाकी काही नको."

तिकिटं दोन काढली, त्यांचं आणि वहिनींचं. निघायला नऊ दिवस असताना वहिनींचा गुडघा धरला. डॉक्टरांनी जिने बंद केले. वहिनी म्हणाल्या, पुढच्या वर्षी जाऊ दोघं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी माझा गुडघा धरेल. शब्दाने शब्द वाढला आणि आठवडाभर घरात अबोला.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली आली. वहिनी भिंतीला धरधरून दारापर्यंत आल्या. सरांनी बॅग उचलली.

"जातो."

"येतो म्हणा."

"शब्दात काय ठेवलंय? टॅक्सी थांबलीये."

"म्हणा हो. तेवढं म्हणायला काय जातं तुमचं?"

"जातो," ते पुन्हा म्हणाले आणि बावीस पायऱ्या उतरून गेले. बावीस नक्की. घर पहिल्या मजल्यावर, इमारत नवी, आणि तो जिना सरांनी बिल्डरच्या मानगुटीवर बसून करून घेतलेला, त्यामुळे आकडा आम्हा सगळ्यांना पाठ. वहिनींना "या" म्हणायचं होतं. पण समोरचा "येतो" म्हटल्याशिवाय "या" म्हणणार कसं? तो शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

तिकडे पोचले, आणि पहिल्या तासापासून कपाळावरच्या आठ्या गेल्या नाहीत. खोली एका छोट्या लॉजच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्यात मालकीणबाईंनी खुर्च्या ठेवलेल्या. खोलीत हात धुवायचं भांडं आणि संडास बोळाच्या दुसऱ्या टोकाला. खिडकी उघडली की समोर भिंत, इतकी जवळ की हात लावता यायचा. त्यांनी लावून पाहिला, ओली होती. मोबाइलच्या चार्जरचे पाय तिथल्या भोकात जाईनात. बाईंना सांगायला गेले, तर बाई आपल्याच भाषेत, पण सावकाश आणि मोठ्याने बोलू लागल्या. जणू सर बहिरे आहेत. शेवटी खाली स्वयंपाकघरातल्या एका जुनाट अडॅप्टरवर रोज अर्धा तास मोबाइल लावायला मिळायचा.

जेवण म्हणजे सूप. भांडी विसळलेल्या पाण्यात बटाटा बुडवला की होईल तसं. बरोबर पाव, तो असा की दुसऱ्या दिवशी सरांच्या दाढेची टोपीच निघून आली. ती त्यांनी कागदात गुंडाळून पाकिटात ठेवली. रोज रात्री वहिनींना फोन करायचे. करायचा असायचा माफी मागायला, आणि बोलायचे सुपावर. वहिनी नुसतं "हं" म्हणायच्या. एकदाच बोलल्या, "जिन्याचीच हौस होती ना? मग चढा चार मजले."

तू हसतेस, पण त्या माणसाचं काय होत असेल बघ. पहिल्या दिवशी महालाला गेले तर बुरुजाची दुरुस्ती चालू. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी, जी कुठेच लिहिलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी दोन तास रांगेत उभे राहिले, तर आज कसलंसं चित्रीकरण आहे, बुरूज सोडून बाकीचं पाहा म्हणाले. बाकीचं म्हणजे खाटा आणि तसबिरी. कानाला लावायला एक यंत्र दिलं. त्याचा एकच कान चालू, आणि सर शयनगृहात असताना ते मुदपाकखान्याची माहिती सांगत होतं. एकतीस वर्षं वाट पाहिलेला जिना एका दोरीपलीकडे, आणि दोरीशी एक रखवालदार सफरचंद खात उभा.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. तारीख चौदा नोव्हेंबर, गुरुवार. शेवटचा प्रवेश पाच वाजता. सर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आत शिरले. त्याच रखवालदाराने दोरी काढली आणि आधी हाताची पाच बोटं, मग तीन बोटं दाखवून काहीतरी सांगितलं. साडेपाचला बंद, असा सरांनी अर्थ लावला. बरोबर होता की नाही देव जाणे.

आत फक्त ते एकटे.

प्रत्येक पायरीला हात लावत चढले. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, वाटीसारख्या खोलगट, इतक्या माणसांचे पाय पडून. मोजत चढले. शहाण्णव. वर एक लहान खोली. दगडी बाक, एक अरुंद खिडकी, बास. ते बाकावर बसले. मला म्हणाले, चार दिवसांत पहिल्यांदा मनात कसलीच कुरकुर नव्हती. एवढंच वाटलं, ही बरोबर हवी होती.

खाली घंटा वाजली. साडेपाच. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा.

सर उठले. आता बघा, जन्मभराची सवय. कोणाच्याही घरून उठलं की तोंडातून जे निघतं ते निघालं. चौकटीला हात लावून ते म्हणाले, "बरंय. येतो."

रिकाम्या खोलीला. त्यांचं त्यांनाच हसू आलं. बायको दारात उभी राहून जो शब्द मागत होती, तो दिला कोणाला, तर दगडाला.

आणि मागून कोणीतरी म्हणालं,

"या."

…

वळून पाहिलं. बाक. खिडकी.

दमलोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मीही तेच सांगितलं असतं. उतरायला लागले. मोजत. मोजलं की माणूस शांत होतो, हे माझंही मत आहे. नव्वद. पंच्याण्णव. शहाण्णव.

सत्त्याण्णव.

थांबले. चुकलं असेल. पुढे उतरले. शंभर. एकशे दोन. एकशे चार. मग दार आलं. दारातून आत पाऊल टाकलं.

बाक. खिडकी.

उतरणारा जिना माणसाला वर नेत नाही. हे ते एकतीस वर्षं शिकवत आले होते. ते पुन्हा उतरले. या वेळी मोठ्याने मोजत. हात भिंतीवर. एक वळण. आणखी एक. उजेड कमी होत गेला. आकडे मोठे होत गेले. मग ते मोजायचे थांबले.

दार.

बाक. खिडकी. खिडकीत अंधार.

"या."

तोच आवाज. घाई नाही. राग नाही. दारातून माणसाला म्हणतात, तसा.

तिसऱ्यांदा ते धावले. साठीचा माणूस. एकदा घसरले, गुडघा फुटला. रखवालदाराला हाका मारल्या. आपल्याच भाषेत. खालून उत्तर नाही. पाय खाली चाललेत, हे कळत होतं. तरी…

दार.

"या."

सर चौकटीत उभे राहिले. मग त्यांना ते समजलं. निदान तेव्हा तरी वाटलं, समजलं. आपण येतो म्हणालोय. म्हणून येतोय. घरी जातो म्हणालो, आणि इथे येतो म्हणालो. शब्द चुकीच्या उंबऱ्यावर टाकला.

तो परत घ्यायला हवा.

ते खोलीकडे पाहून म्हणाले,

"जातो."

काही नाही.

बराच वेळ. मग कोणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं. बोलायला घ्यावा, आणि बोलू नये, तसा.

ते उतरले. पुन्हा मोजलं. पंच्याण्णव.

हो, पंच्याण्णव. शहाण्णव नाही. खाली रखवालदार किल्ल्या घेऊन उभा, घड्याळावर बोट आपटत. पाच वाजून तेहतीस मिनिटं. घंटा होऊन तीनच मिनिटं झाली होती.

सर धावत खोलीवर गेले, म्हणजे चार मजले. मोबाइल मेलेला. खाली येऊन मालकीणबाईंच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला. बाई या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सरांच्या फाटलेल्या विजारीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"ऐकतेस ना? येतो मी. उद्या निघतो. येतो."

पलीकडून नुसतं "हं" आलं.

"अगं, म्हणतोय ना, येतो. चुकलं माझं त्या दिवशी."

"आता म्हणताय," वहिनी म्हणाल्या. आवाज बसलेला. "मघाशी का असं केलंत?"

"मघाशी काय केलं?"

"दहाला दार लावायला गेले. चार दिवस तो शब्द घशात अडकला होता माझ्या. म्हटलं, हे म्हणोत न म्हणोत, आपण म्हणून टाकू. मोकळं तरी होऊ. दाराकडे बघून म्हटलं, या."

सरांनी विचारलं, "किती वेळा?"

"तीनदा."

…

"आणि मग?"

"मग जिन्यातून तुमचा आवाज आला. अगदी दाराबाहेरून. म्हणालात, जातो. मला इतकं लागलं ते… पुन्हा बोलणार होते, पण नाही बोलले. दार उघडेपर्यंत पावलं उतरून गेली होती. या गुडघ्याने मी कुठे मागे येणार होते?"

ते दुसऱ्या दिवशी निघाले, तिसऱ्या दिवशी घरी पोचले, धडधाकट. वहिनी दारातच होत्या. "या" म्हणाल्या. सर दारातच रडले, असं वहिनी सांगतात. सर नाही म्हणतात. आता माझ्यासारख्याने काय म्हणावं? भ्यालेला माणूस चुकीचं मोजतो. चार दिवस एकटी असलेली बाई जिन्यात आवाज ऐकते. दोघांनी मागाहून वेळा जुळवल्या असतील. असल्या योगायोगांवर मी मुलांना उदाहरणं घालत आलोय. मी तेच सरांना सांगितलं, त्यांच्या घरी, चहा पिता पिता. जरा जास्तच आत्मविश्वासाने सांगितलं. त्याची लाज मला अजून वाटते.

सरांनी वाद घातला नाही. कपाटातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "चढताना आकडे घाला. आणि मग उतरा."

"तुम्ही का नाही घालत?"

"मी घातले. तुम्ही घाला."

मी खाली गेलो आणि चढू लागलो. प्रत्येक पायरीच्या कडेला आकडा लिहीत. एकपासून बावीसपर्यंत. वर सर दारात उभे होते. "बावीस," मी म्हणालो. त्यांनी खाली बोट दाखवलं.

मग उतरलो. आकडे वाचत. बावीस. एकवीस. वीस. सगळे माझ्याच अक्षरात. चार. तीन. दोन. एक.

आणि पाय जमिनीला लागला नाही.

आणखी एक पायरी होती. आकडा नसलेली.

मी तिच्यावर उभा राहिलो. वरून वहिनींनी विचारलं, "निघालात का भाऊजी?" दोन शब्द आहेत आपल्याकडे निघताना म्हणायचे. मला त्यातला एकही म्हणता येईना. मी खाली वाकलो आणि हात लावून पाहिला.

गार होती. दगडाची. आणि मधोमध झिजलेली… वाटीसारखी.

त्या इमारतीला तेव्हा तीन वर्षं झाली होती.