राणीसाहेबांच्या खांद्यावरचा शेला

रुखमाबाईंनी पुठ्ठ्याचा डबा टेबलावर ठेवला आणि तो हातभर लांब सरकवला.

"हा माहा शेला नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी बदलला. कोणी बदलला ते मले सांगा. नाही, सांगू नका. मले काही सुचूनच नाही राहिलं, बाई."

दीक्षा गजभियेचं ऑफिस शहरातल्या सदर भागात, चष्म्याच्या एका दुकानाच्या वर होतं. खासगी तपासाचं काम. पण येणारी गिऱ्हाइकं बहुतेक सोयरिकीआधी मुलाची चौकशी करायला येत. शेला घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे मामा देवराव बसले होते. रिटायर झाल्यापासून भाचीला मदत म्हणून ते रोज येत. मदत कमी आणि ऐतिहासिक मालिकांवर भाषणं जास्त. पडद्यावर फेटा आणि तलवार दिसली की मामांना जेवणाचं भान राहत नसे.

"कोणता शेला म्हणता?" त्यांनी विचारलं.

"राणीसाहेबांच्या मालिकेतला. मौद्याजवळ शूटिंग चालू आहे ना, तिथं दिला होता."

देवराव ताडकन उठले. "अरे बाप रे! तो तुमचा होता? दीक्षा, मी एक भाग सोडत नाही वं!"

"मीबी सोडत नोहती, म्हणून तं दिला," रुखमाबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचं गाव मौद्याजवळच. घरची शेती. त्यांच्या घरातली प्रत्येक नवरी तो शेला खांद्यावर घेऊनच बोहल्यावर चढते. मालिकेच्या कपडेपटाची मिनल नावाची मुलगी घरी आली आणि महालातल्या सीनसाठी शेला मागून घेऊन गेली. ते सीन संपल्यावर कबूल केल्याप्रमाणे डबा परत आला. आता नातीचं, वेदिकाचं, लग्न तोंडावर आलं होतं. रुखमाबाईंनी डबा उघडला, तर आत भलताच शेला.

दीक्षानं झाकण काढलं. आत मऊ कागदाचे पदरावर पदर होते, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या, वरून फीत बांधलेली. बाळंतिणीचं बाळ गुंडाळावं तसं कुणीतरी ते गुंडाळलं होतं. आतला शेला मात्र फिकट होता. जरीकाम मळकं, काठ झिजलेले, रंगावर तपकिरी झाक.

देवराव वाकून बघू लागले. "काहून कोण जाणे, मले चहाची तलफ आली."

"मामा, आत्ताच झाला तुमचा!"

दीक्षानं शेला उलगडला. काठ दोन्ही बाजूंनी अगदी सारखे झिजले होते. घडीच्या रेषांवरून तिनं बोट फिरवलं. तिथं कापड चांगलं घट्ट होतं.

"तुमचा कसा होता, आजी?"

"नव्यावानी! लवंगा अन् कडुलिंबाचा वाळला पाला घालून मलमलीत ठेवतो आमी. दरसाल ऊन दाखवतो. सासूबाईंनी तसं वळणच लावलं."

"संशय कोणावर आहे?"

रुखमाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेकावर."

"काय?" देवराव म्हणाले.

"सुशील. खाली गाडी लावून राहिला तो. शेला मालिकेले द्यायच्या आधी आमच्या शेजारणीनं त्याले इथंच सदरात पाहिलं, मधुकररावाच्या दुकानात, शेला घेऊन. जुने भारी कपडे विकत घेते तो माणूस. सुशील घरी आला तं काही बोललाच नाही. अन् मालिकेवाल्यायचा डबा आला तोबी त्यानंच घेतला, त्यानंच कपाटात ठेवला." त्यांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. "शेला गेला तं रडीन अन् गप्प बसीन. पण पोटचा पोरगा चोर निघाला तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

कोणी समोर रडू लागलं की देवराव कासावीस होत. असं झालं की ते हटकून मालिकेकडे वळत. "त्या मालिकेवाल्यायचाच सारा गोंधळ आहे हो. आता राणीसाहेब वनवासात गेल्या. काट्याकुट्यातून पळून राहिल्या, तोंडावर चिखल, अन् खांद्यावरचा शेला पहा तं दुकानातून आत्ताच आणल्यावानी! काही अक्कल?"

"मी नाही पाहिलं," रुखमाबाई म्हणाल्या. "डबा उघडला तवापासून टीव्ही लावलाच नाही."

दीक्षानं मामांकडे जरा रोखून पाहिलं. मग तिनं डबा बंद केला. "चला, आजी. हा डबा तुमच्यापाशी गाडीत राहू द्या. मी सांगेपर्यंत कोणाला दाखवायचा नाही."

खाली गाडीत बसलेला सुशील चाळिशीचा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. गाडीत बसताच दीक्षानं सरळच विचारलं, "तुम्ही मधुकररावांकडे गेला होता?"

त्याचे कान लाल झाले. "नाही बा."

त्यानं आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

मधुकररावांचं दुकान गल्लीच्या टोकालाच होतं. आईलेक गाडीतच थांबले. गादीवर रेलून बसलेल्या मधुकररावांनी पानाचा तोबरा सांभाळत मान डोलावली.

"आला होता ना सुशील. शेला पाहिला मी. अस्सल चीज! घडीवर विरत चालला आहे, तेवढं सोडलं तर कालच मागावरून काढल्यासारखा."

"विकायला आणला होता?"

"ते मी नाही सांगणार. मला शपथ घातली आहे त्यानं."

"आता घ्या!" बाहेर येताच देवराव कुजबुजले. "शपथ घातली म्हणते. पोरगाच आहे वं चोर. बिचारी म्हातारी!"

"मामा, ऐकताना कान अर्ध्यातच बंद करता तुम्ही," दीक्षा म्हणाली.

मिनल प्रताप नगरात राहत होती. डेंग्यूतून नुकतीच उठलेली, चेहरा पांढराफटक. तरी काम सुटलं नव्हतं. गॅसवर भलंमोठं पातेलं चढवलेलं होतं आणि त्यात कोरा चहा रटरटत होता. देवरावांचा चेहरा उजळला.

"तो प्यायचा नाही, काका. कामाचा आहे," मिनल घाईनं म्हणाली. मामा हिरमुसून खुर्चीत बसले.

"रुखमाबाईंचा शेला परत कोणी पाठवला?" दीक्षानं विचारलं.

"रोशनीनं. महालाचे सीन संपले आणि मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. ऐनवेळी ही नवी मुलगी कामाला घेतली. मी तिला फोनवर सांगितलं, रुखमाबाईंचा शेला जिवापाड जपून पाठव, आणि आपली नक्कल सेटवर वापर. का? काय झालं?"

"नक्कल कशासाठी?"

"वनवासासाठी. हुबेहूब विणून घेतली. दुसऱ्याच्या घरची वस्तू आम्ही चिखलात लोळवू का? आणि शेवटी ती जाळायचीच आहे. राज्य परत मिळेपर्यंत जरीचं वस्त्र अंगावर घेणार नाही, अशी शपथ घेऊन राणीसाहेब शेला आगीत टाकतात. आजच आहे तो सीन, दिवस कलताना."

दीक्षा उभी राहिली. "रोशनीला फोन लावा. लगेच."

मिनलनं लावला. फोन बंद होता. "शॉटच्या वेळी सेटवर सगळ्यांचे मोबाईल बंद ठेवायला लावतात. ताई, झालंय काय?"

"वाटेत सांगते. शाल घ्या अंगावर आणि चला."

वाटेत कसलं सांगते! ती फक्त "सुशीलभाऊ, जरा दाबा" एवढंच म्हणत राहिली. आणि सुशीलनंही एक शब्द न विचारता मौद्याच्या रस्त्यावर गाडी अशी काढली की देवरावांनी डोळेच मिटून घेतले.

मोकळ्या रानात प्लायवूडचा पडका किल्ला उभा होता. त्याच्यासमोर लाकडं पेटली होती. राणीसाहेब चिखल माखलेल्या लुगड्यात, डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांवर शेला घेऊन आगीकडे निघाल्या होत्या. मावळतीच्या उन्हात शेल्याची जर लखलखत होती.

दीक्षा थेट कॅमेऱ्यासमोर शिरली. "थांबा! शेला टाकू नका!"

"कट! कट!" दिग्दर्शक ओरडला. "कोण आहे ही बाई?"

दीक्षानं राणीसाहेबांच्या हातून शेला घेतला आणि धापा टाकत आलेल्या रुखमाबाईंच्या हाती दिला. रुखमाबाईंनी तो नाकाशी नेला.

"लवंग," त्या म्हणाल्या. मग किल्ल्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि शेला छातीशी धरून हमसाहमशी रडू लागल्या.

देवरावांनीही रुमाल काढला. "पण दीक्षा, हा इथं आला कसा? चोर कोण?"

"चोर कोणीच नाही, मामा. रोशनी कोण?"

गर्दीतून एक भेदरलेली मुलगी पुढे आली. "मी."

"घाबरू नकोस. रुखमाबाईंचा शेला तू ओळखलास कसा?"

"त्यात काय? दोन शेले होते. एक फिकट, झिजलेला. एक नवाकोरा झगमगीत. घरातला पिढ्यांचा शेला म्हणजे झिजलेलाच असणार ना? तो मी डोळ्यांत तेल घालून बांधला."

मिनलनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! झिजलेली ती नक्कल होती!"

"तेच झालं," दीक्षा म्हणाली. "कपडेपटाचं कामच मुळी नव्याला जुनं करायचं. नव्या शेल्यात राणीसाहेब रानात भटकताना कशा दिसतील? म्हणून मिनलनं नक्कल कोऱ्या चहात बुडवली, काठ घासून झिजवले. इकडे आजींच्या घरचं वळण नेमकं उलटं, जुनं ते नव्यासारखं ठेवायचं. दोघींनी आपापलं काम इतकं चोख केलं की तिसरी फसली."

"तुले कळलं कधी?" देवरावांनी विचारलं.

"डबा उघडला तेव्हाच खटकलं. चोर खोटा माल इतक्या मायेनं बांधत नाही. बांधणाऱ्याला तो खराच वाटत होता. शिवाय ज्या कापडाची घडी वर्षानुवर्षं मोडलेली नाही, ते आधी घडीवर विरतं. मधुकररावांनी खऱ्या शेल्याबद्दल तेच सांगितलं. डब्यातला काठांवर झिजला होता, तोही दोन्हीकडून मापानं, आणि घडीवर धडधाकट. म्हणजे झीज मुद्दाम केलेली. आणि त्याला वास कसला येत होता, मामा?"

देवरावांनी जीभ चावली. "चहाचा! मले तलफ आली ती त्याच्यानं!"

"मिनलच्या गॅसवर पातेलं पाहिलं तेव्हा तुमची तलफ कुठून आली ते कळलं. पण खरा शेला कुठं आहे, ते तर तुम्हीच सांगितलं होतं. वनवासातल्या राणीच्या खांद्यावर नवाकोरा शेला कसा, म्हणून सकाळी भांडत होता ना?"

"म्हणजे तपास मी लावला?"

"अर्धा. फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं."

दिग्दर्शक खाकरला. "झगमगतोय तर पडद्यावर बरा दिसतो, म्हणून मीही काही बोललो नाही. पण आता आम्ही जाळायचं काय?"

"डब्यातला," मिनल म्हणाली. "आजींच्या गाडीत आहे. रोशनीनं फारच छान जपलाय." रडकुंडीला आलेल्या रोशनीला हसू फुटलं. सगळा सेटच हसला. आगीत पुन्हा लाकडं पडली.

पायरीवर रुखमाबाई आणि सुशील दोघंच उरले. सुशील उभाच होता.

"मधुकररावाकडे काहून गेला होता गा?" त्यांनी विचारलं.

"घडीवर विरत चालला होता शेला. लग्नाआधी रफू करून आणायचा, अन् एकदम तुह्या हातात द्यायचा, असं मनात होतं. रफूवाला त्याच्या ओळखीचा आहे. तेवढ्यात तू मालिकेले देऊन टाकला."

"मले वाटलं, तू इकला."

"ठाऊक आहे. माह्याकडे पाहूनच नोहती राहिली तू."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू इचारलं कुठं? एकदा इचारलं असतं तं सारं सांगितलं असतं."

रुखमाबाईंनी शेल्यावरून हात फिरवला.

"भेव लागलं गा मले," त्या म्हणाल्या. "तू हो म्हटलं असतं तं?"

सुशील खाली पायरीवर आईला चिकटून बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. रुखमाबाईंनी शेल्याचं एक टोक उचललं आणि त्याच्याही खांद्यावर घातलं.