पिवळी गोळी

पावसाची सर चुकवायला म्हणून शहजाद हुपरीत फरहीनच्या अब्बांच्या चांदीच्या कारखान्यात शिरला, आणि पैंजणांचं घाऊक गिऱ्हाईक होऊन बाहेर पडला. शहरातल्या शिवाजी पेठेत त्याच्या मामांचं बांगड्यांचं दुकान होतं. तेव्हापासून माल न्यायला हुपरीला तोच यायचा... आणि तो आला की घुंगरं जोडणारे फरहीनचे हात उगाच मंदावायचे.

पण दर खेपेला एक विचित्र गोष्ट व्हायची. चहा संपेपर्यंत त्याच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. आज तर ते गालावरही आले.

"म्होरच्या खेपंला मी न्हाय येणार," तो मान खाजवत म्हणाला. "अम्मी म्हणत्यात, तुला हुपरीची चांदी सोसत न्हाय. मामांचा पोरगा यील."

फरहीननं हातातलं घुंगरू खाली ठेवलं. हा येणार नाही, तर मग दाराकडे बघायचं तरी कशाला? पण नुसतं हळहळत बसेल ती फरहीन कसली!

चांदी सोसत नाही म्हणणाऱ्या बायका तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. दोष बहुतेकदा चांदीचा नसायचा, तिच्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूचा असायचा. तिनं उलटतपासणीच सुरू केली. येताना काही वेगळं खाल्लं? साबण बदलला? अत्तर लावलं? सगळ्याला नाही. शेवटी त्याच्या खिशातून पोटाच्या गोळ्यांची पट्टी निघाली — पिवळ्याधमक गोळ्या. इकडे येताना बसस्टँडजवळच्या मेडिकलमधून घेतो, म्हणाला. घरची गोळी पांढरी. औषध तेच, कंपनी निराळी.

"पांढरीनं चट्टे उठत्यात?"

"न्हाय की..."

"मग औषधाला कशाला बोल लावायचा? त्यातला रंग बाधत असंल. डॉक्टरास्नी दावा. तवर ही घिऊ नका."

पुढच्या खेपेला मामांचा पोरगा आला नाही. शहजादच आला, मान स्वच्छ. डॉक्टरांनीही रंगावरच बोट ठेवलं होतं.

"पर एक कळंना," फरहीन खाली बघतच म्हणाली. "इकडं येतानाच पोट का बिघडतंय?"

तो बाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाला,

"बिघडत न्हाय... तुमी दिसणार म्हटलं की आत कालवाकालव हुती."

"आन् आज? गोळी तर न्हाय घेतली."

"आज जास्तच हाय."

फरहीननं घुंगरू भलत्याच साखळीला जोडलं.

"त्येच्यावर गोळी न्हाय," ती हळूच म्हणाली. "अब्बा आत हायत... भेटून घ्या."