होडीचं नाक

ही गोष्ट खरी आहे. खोटी सांगायची असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

उन्हाळा संपत आला होता. संध्याकाळची वेळ, वारा पडलेला. आम्ही नवरा-बायको बंदराजवळच्या एका दुकानात होडीची मोटर बघत उभे होतो.

बायकोची एक शिडाची बोट आहे. माझी नाही, तिची. म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याची. बंदरावर त्याला सगळे कप्तान म्हणायचे. मला सगळे 'ते' म्हणतात.

कप्तान जाऊन बरीच वर्षं झाली. बुडून नाही, वादळात नाही. दवाखान्यात, साध्या न्यूमोनियानं. त्यामुळे तो परत येईल अशी शंका घ्यायला मला काहीच कारण नव्हतं.

बोट धक्क्यापासून लांब, खोल पाण्यात उभी असते. तिथवर जायला एक छोटी होडी आहे. तिची जुनी मोटर बंद पडली ती पडलीच, म्हणून नवी घ्यायची होती.

"किती जण बसणार?" दुकानदारानं विचारलं.

"दोघं," मी म्हणालो.

बायको बाहेर पाण्याकडे बघत होती...

"दोन हॉर्सपॉवर पुरे," ती म्हणाली. "तो नेहमी म्हणायचा."

झालं. मी सहाची मागितली.

"साहेब, हिचं वजन दुप्पट आहे," दुकानदार म्हणाला. "मोटर मागे, तुम्हीही मागेच बसणार. एकटे असलात की होडीचं नाक आभाळात जाईल. पुढे कुणीतरी बसलं, तरच सरळ चालेल."

"बघू की."

"अहो, ऐका जरा त्यांचं," बायको म्हणाली.

मला ती 'अहो' म्हणते. कप्तानाला 'अरे' म्हणायची. मी हे मनात ठेवत नाही. नुसतं लक्षात ठेवतो.

दुकानदाराचं म्हणणं खरं निघालं. मी एकटा निघालो की नाक इतकं वर, की पुढचं काही दिसेना. धक्क्यावरचा वॉचमन ओरडला, "साहेब, रॉकेट कुठे सोडताय?"

मग एका संध्याकाळी बायको एकटी गेली. बोटीत साचलेलं पाणी उपसायचं होतं. मी धक्क्यावर उभा. तिनं दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात मोटर सुरू.

होडी निघाली...

नाक खालीच.

अगदी सरळ.

पुढे कुणीही नव्हतं. सामान नाही, नांगर नाही. सकाळी मीच होडी रिकामी करून धुतली होती.

"तुम्हाला नीट बसताच येत नाही," परत आल्यावर ती म्हणाली.

मग ती रोज जायला लागली. एका बोटीत रोज साचून साचून किती पाणी साचणार?

पाण्यावरून आवाज लांबवर येतो. एकदा तिनं बोटीजवळ मोटर बंद केली, आणि मला तिचं बोलणं ऐकू आलं. ती बोलली. थांबली. उत्तराला लागतो तेवढाच वेळ थांबली...

मग हसली.

"अरे, सरक ना जरा!"

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझं पित्त खवळलं होतं. जिवंत माणसाचं पोट सुटतं, केस जातात. मेलेला नवरा दर वर्षी आणखी तरुण होत जातो.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी मीच होडीत बसलो. एकटा. नाक वर गेलं, नेहमीसारखं.

"या ना," मी मोठ्यानं म्हणालो. "माझ्याबरोबर बसायला लाज वाटते का?"

काहीच नाही. नुसता मोटरचा आवाज...

आणि नाक खाली आलं.

हळूच. जड माणूस जपून बसतो तसं.

पुढची फळी करकरली. समोर कुणी नव्हतं. पण आमच्या होडीत पुढे बसणारा मागे तोंड करून बसतो, हे मला माहीत होतं.

त्यानंतर बायको गेली, तेव्हा तिचं नाक आभाळात. म्हणजे होडीचं. ती अर्ध्यातूनच परत आली. दोर बांधताना माझ्याकडे बघेना.

"काय बोललात तुम्ही त्याला?"

"कुणाला?"

"पुरे झालं. माझ्याबरोबर यायचा तो. आता तुमच्याबरोबर कसा जातो?"

तिच्या आवाजात जे होतं, ते मी लगेच ओळखलं. लग्न झाल्यापासून घरात ते मी एकटाच वापरत होतो.

परवा मी पुन्हा एकटा गेलो. पाणी शांत. नाक सरळ.

अर्ध्या वाटेवर नाक हळूहळू वर यायला लागलं...

मी जागचा हललो नव्हतो. मोटरचा वेगही तोच.

मग मधली फळी करकरली.

तो उतरला नव्हता. माझ्याकडे सरकत होता.

काल आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. मी दोनची मोटर मागितली. हलक्या मोटरनं नाक फारसं वर जातच नाही. म्हणजे तो होडीत असला काय, नसला काय, दोघांनाही कळणार नाही.

"शेवटी ऐकलंत," दुकानदार खूश होऊन म्हणाला. "किती जण बसणार?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.

दुकानदार बराच वेळ उत्तराची वाट बघत उभा राहिला...