पडद्यावरची परडी

देवी पलंगावर असेपर्यंत आपण पलंगावर निजायचं नाही, हा नारायणरावांच्या घरचा जुना नेम. तुळजापुरात राहायचं, देवी नवरात्राआधीच्या घोर निद्रेत असताना आपण गादीवर लोळायचं, हे त्यांच्या आईला कधी पटलं नव्हतं, आणि आई गेल्यावर त्यांनाही पटलं नाही. म्हणून भाद्रपदातल्या त्या अष्टमीला सगळं घर चटया टाकून खाली पडलं होतं. सुट्टीला आलेल्या नातवंडांना फरशी टोचत होती. उत्कर्ष या कुशीवरून त्या कुशीवर झाला आणि शेवटी त्यानं भुताची गोष्ट मागितली.

नारायणराव म्हणाले, नीरजा भिईल. नीरजा म्हणाली, मी कसली भिते, परवा गच्चीवर मांजर आलं तर हाच माझ्या पाठीमागं लपला. थोडी ढकलाढकल झाली, मग शांत झालं. नारायणराव पोस्टातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, आवाज खालचा.

"भुताची म्हणावी का, ते मला कळत न्हाय," ते म्हणाले. "पण ज्याच्यावर गुजरली त्याला तुम्ही बघितलंय. नळदुर्गचा शिवानंद. आपला प्रिंटर दुरुस्त करतो तोच. गेल्या सालची भाद्रपद वद्य नवमी. उद्या वर्ष होईल."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

त्या दिवशी संध्याकाळी शिवानंद तुळजापुरात एकाचा प्रिंटर पोचवायला आला होता. काम लवकर उरकलं. परतताना हमरस्त्यावरच्या ढाब्यावर त्यानं चहा घेतला, ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकल्या आणि नळदुर्गला घरी आला. खाली दुकान, वर घर. दुकान तसं नावालाच होतं. त्याचं खरं काम वर्गणीदारांचं. घरात कॉम्प्युटर आहे पण समजावून सांगणारं कुणी नाही, अशी माणसं त्याची वर्षाची वर्गणी भरत आणि काय वाटेल ते विचारत. मराठी अक्षरांचे चौकोन का होतात, फोटो छापला की माणसाचं डोकं का कापलं जातं, नातवानं पासवर्ड घातला आणि तो पुण्याला निघून गेला तर आता काय करू. शिवानंद न कंटाळता सांगे. सांगून कळलं नाही तर आपल्या खोलीत बसूनच त्यांच्या कॉम्प्युटरात शिरे आणि हातानं करून दाखवी. मात्र त्याला एक अट होती. समोरच्याच्या पडद्यावर विचारणा येई, आत येऊ देऊ का? समोरच्यानं माऊसचं बटण दाबून होकार दिला तरच दार उघडे. परक्याच्या घरात न विचारता शिरता येत नाही, तसंच ते.

शनिवारी संध्याकाळी मात्र तो यूट्यूबवर सगळ्यांसमोर बसे. एकेकाचा प्रश्न घेई, सोडवी, मधूनच हसवी. लोकांना ते हसणं फार आवडायचं. हळूहळू त्यालाही ते आवडायला लागलं.

तेरच्या मथुराबाई त्याच्या वर्गणीदार होत्या. नवरा आण्णासाहेब शेतीत राबणारा, थोडक्या शब्दांचा माणूस. घरातला कॉम्प्युटर त्यांच्या लेकीच्या, सोनालीच्या शिक्षणासाठी घेतलेला. सोनाली शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं रस्त्यावरच्या अपघातात गेली. मागं राहिली ती तिनं फोनवर पाठवलेली थोडी चालती-बोलती चित्रं. शेजारच्या कुणी ती कॉम्प्युटरात घालून दिली. लेकीला बघायला मिळावं एवढ्यासाठी मथुराबाई त्या वयात माऊस धरायला शिकल्या. माऊस टेबलाच्या कडेला आला की तो उचलून पुन्हा मधे ठेवायच्या. त्यामुळे पडद्यावरचा बाण चालायचा, थबकायचा, पुन्हा चालायचा. नांगरलेल्या रानातून म्हातारं माणूस चालावं तसा.

एका शनिवारी त्यांनी विचारलं, मशीन लई हळू चालतंय, बाबा, काय करू? शिवानंद सगळ्यांसमोर त्यांच्या कॉम्प्युटरात शिरला. पडद्याच्या कोपऱ्यात टाकाऊची टोपली असते. नको ते तिच्यात टाकायचं आणि केव्हातरी रिकामी करायची. मथुराबाईंची टोपली भरलेली होती. शिवानंद हसून म्हणाला, बघा मंडळी, मावशींनी केर काढलाय, पण उकिरड्यावर न्यायचा राहिलाय. लोकांच्या हसण्याचा पाऊस पडला. फोनवर मथुराबाई काहीतरी बोलत होत्या. त्यांच्या पंख्याची घरघर येते म्हणून शिवानंदनं त्यांचा आवाज आधीच बंद करून ठेवला होता. मशीननं विचारलं, कायमचं काढून टाकू का? त्यानं हो म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर फोन आला.

"बाबा, परडीत सोनाली होती. कुठं गेली?"

मथुराबाई आराधीण होत्या. गळ्यात कवड्यांची माळ, घरात देवीची परडी. परडी म्हणजे वेताची टोपलीच, पण देवीची. तिच्यात जोगवा मागायचा, मंगळवारी-शुक्रवारी ती भरायची, रिकामी ठेवायची नाही. पडद्यावर टोपलीचं चित्र दिसलं, खालचं नाव इंग्रजीत. त्यांना ती परडीच वाटली. लेकीला उघड्यावर कशाला ठेवायचं? म्हणून परडीत ठेवली. मंगळवारी-शुक्रवारी बाहेर ओढायची, डोळे भरून बघायची, परत आईच्या ओटीत घालायची.

शिवानंदला सगळं उमगलं. खरं सांगितलं तर त्या हसलेल्या सगळ्या माणसांपुढं मान खाली घालावी लागणार. तो म्हणाला, व्हायरसनं खाल्लं असंल, मावशी. मशीन जुनं झालंय.

 मग मथुराबाई म्हणाल्या, "असंल बाबा. तुमचा काय दोष."

त्यानंतर त्यांनी ते मशीन उघडलंच नाही. पण शनिवारी आण्णासाहेबांच्या फोनवर शिवानंदचा कार्यक्रम मात्र लावायच्या. पुढच्याच आठवड्यात सोलापूरच्या एका बाईंनी विचारलं, पुसलेले फोटो परत येतात का? शिवानंदनं नीट समजावलं. पुसलेलं लगेच जात नाही. मशीन बंद ठेवा, त्यावर नवं काही चढवू नका, बहुतेक परत येतं. मग घाईनं पुढचा प्रश्न घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मथुराबाईंचा फोन. त्या बाईचं होतंय, तर माझं व्हईल का, बाबा?

अजूनही सांगता आलं असतं. शिवानंद म्हणाला, तुमचं वेगळं हाय, मावशी.

चैत्रात मथुराबाई गेल्या. तेराव्याला जायचं म्हणून शिवानंद धाराशिवपर्यंत गेला, एसटी स्टँडवर बसून राहिला आणि आल्या गाडीनं परत फिरला. वर्गणीदारांच्या यादीतून त्यांचं नाव काढायला त्याचा हात धजला नाही.

आता ती नवमीची रात्र. साडेदहा वाजून गेले होते. बायको-मुलं झोपली होती. शिवानंद एकेकाचे प्रश्न निपटत होता. ज्याचं मशीन चालू असेल त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो. बरेच ठिपके विझले होते. यादी वर सरकवता सरकवता त्याचा हात थांबला.

मथुराबाई, तेर. हिरवा ठिपका.

"म्हणजे भूत ऑनलाइन आलं," उत्कर्ष म्हणाला.

नीरजानं त्याला कोपर मारलं.  नारायणरावांनी चटईची कड नीट केली आणि पुढं सांगू लागले.

शिवानंदला वाटलं, आण्णासाहेबांनी कुणाकडून मशीन चालू करून घेतलं असेल. मग आठवलं, आज अहेव नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान आज हळदकुंकू वाहून वाढतात. घरात पाहुणे असतील, त्यातल्याच एखाद्या पोरानं चालू केलं असेल. त्यानं आत येऊ का म्हणून विचारणा पाठवली. होकार येणार नाही अशी त्याची खात्री होती.

होकार आला.

पडदा उघडला. मागं तेच हिरव्या रानाचं चित्र, तीच बारकी चिन्हं, कोपऱ्यात तीच टोपली. बाण मधोमध उभा होता.

मग तो हलला.

थोडा चालला. थबकला. पुन्हा चालला...

शिवानंदनं आपल्या माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. बाण चालतच होता. टोपलीपाशी गेला. टोपली उघडली. आत काही नव्हतं. मिटली. थोडं थांबून पुन्हा उघडली. रिकामी. पुन्हा मिटली.

खालच्या चौकटीत त्यानं लिहिलं, आण्णा, तुम्ही आहात का?

उत्तर नाही. बाण टोपलीपाशी.

बाहेर हमरस्त्यावरून एक ट्रक गेला. खिडकीची काच थरथरली. मग तेही थांबलं.

त्यानं लिहिलं, मावशी...

बाण थांबला. कुणी मान वर करून ऐकावं तसा.

शिवानंदनं लिहायला घेतलं, मशीन जुनं होतं, मावशी, तो व्हायरस... तेवढ्यात बाण निघाला. हळूहळू. टोपलीकडं. टोपली उघडली.

रिकामी.

त्यानं लिहिलेलं पुसलं.  बराच वेळ तो नुसता बसून राहिला. बाणही उघड्या टोपलीपाशी बसून राहिला. मग त्यानं लिहिलं. एकेक शब्द.

मावशी, व्हायरस नव्हता. परडी मी रिकामी केली. हसत हसत केली. परत काढता आली असती. मला माहीत होतं. मी सांगितलं न्हाय.

बाण हलला नाही.

शिवानंद म्हणतो, तेवढा लांब वेळ आयुष्यात कधी गेला नाही. पंखा चालू होता, तरी अंगाला वारा लागत नव्हता.

मग टोपली अलगद मिटली. पलीकडून जोडणी तुटली. ठिपका विझला.

सकाळी उजाडायच्या आत शिवानंद नारायणरावांच्या दारात उभा होता. डोळे सुजलेले. देवळात जाऊन आईच्या पायरीवर डोकं ठेवतो म्हणाला. नारायणरावांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

"आई निजलीय," ते म्हणाले. "तिला कशाला उठवतोस? ज्याचं हाय त्याच्या दारात जा."

तो तेरला गेला. आण्णासाहेब ओट्यावर एकटेच बसले होते. आदल्या दिवशीचे पाहुणे रात्रीच परतले होते. शिवानंदनं आधी भीत भीत विचारलं, काल रात्री कॉम्प्युटर कुणी लावला होता? आण्णासाहेबांना प्रश्नच कळेना. ते मशीन तिचे दिवस झाले तेव्हापासून माळ्यावर होतं. तिच्याच लुगड्यात बांधून ठेवलेलं. बाहेर लोंबणारी विजेची वायर उंदरांनी मधोमध कुरतडलेली खालूनच दिसत होती.

मग शिवानंद जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. टोपलीचं, हसण्याचं, व्हायरसचं, सोलापूरच्या बाईचं. काही गाळलं नाही. आण्णासाहेब समोरच्या लिंबाकडं बघत होते. शिवानंदला वाटलं, आता हे उठतील आणि दार लावून घेतील.

"तिला कळलं होतं का?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"मी सांगितलं न्हाय, आण्णा."

"कळलं असणार." आण्णासाहेबांनी लिंबावरून नजर काढली. "ती म्हणायची, त्या पोराच्या जिभेवर काहीतरी अडलंय. निघंल एक दिवस. त्याला कुणी रागं भरू नका."

शिवानंदला रडू आवरेना. आण्णासाहेबांनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, आता काही हुईल का?

मथुराबाईंनी मशीन परत उघडलं नव्हतं. त्यावर नवं काही चढलं नव्हतं. होईल असं छातीवर हात ठेवून सांगवत नव्हतं, पण होण्यासारखं होतं. दोघांनी मिळून गाठोडं माळ्यावरून उतरवलं. शिवानंदनं वरचं बाजूला सारून आतली डिस्क तेवढी काढली, स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि शोध लावून दिला. दुपार कलली. आण्णासाहेबांनी त्याच्यापुढं भाकरी-पिठलं ठेवलं, पण घास कुणाच्याच घशाखाली उतरेना.

सगळी आली नाहीत. एक फुटलेलं निघालं, नुसत्या रेघा. पण बाकीची आली. पडद्यावर सोनाली एका गॅलरीत उभी होती, केस वाऱ्यावर उडत होते, आणि ती म्हणत होती, आई, मी जेवले. तू जेवलीस का? खरं सांग.

आण्णासाहेबांनी पडद्याला हात लावला नाही. जवळ सरकून नुसतं बघत राहिले. पुन्हा लाव म्हणाले. मग पुन्हा. उन्हं ओसरीवरून खाली उतरली तेव्हा म्हणाले, हे आमच्याच मशीनमधी घालून दे, बाबा. तिच्याच जागी बसून बघीन.

शिवानंदनं पिशवीतून नवी वायर काढली. डिस्क आत बसवली. गाठोड्याच्या तळाशी, इरकली लुगड्याच्या घडीत माऊस होता. त्यानं तो बाहेर काढला. चैत्रापासूनची धूळ त्यावर साय धरावी तशी धरली होती. पाठीवर, वायरवर, उजव्या बटणावर.

डाव्या बटणावर नव्हती. ज्या बटणानं होकार द्यायचा असतो, तिथं बोटाच्या शेंड्याएवढा पिवळा ठसा होता. हळदीचा.

त्यानं आण्णासाहेबांकडं पाहिलं. घरात बाईमाणूस नाही. कालचा स्वयंपाक शेजारणीनं तिच्या घरून आणून दिला होता. माळ्याला शिडी लावली ती आजच, दोघांनी मिळून.

शिवानंदनं ठशाला हलकेच बोट लावलं.

हळद ओली होती.