पाचव्या कोपऱ्यावरचा माणूस

भुतं रात्रीच दिसतात असं म्हणणाऱ्यांनी आमच्या खानदेशातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नसते. बारा ते तीन रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, सावली पायाखाली गोळा होऊन बसते आणि शांतता इतकी होते की आपलंच रक्त कानात वाजायला लागतं. मी सांगते आहे ते अशाच एका दुपारचं. जरा जवळ सरकून बसा, हे मोठ्यानं सांगावंसं वाटत नाही.

मी मोहिनी, राहणारी देवपूरची, धंद्यानं मोजणीवाली. आधी नरडाण्याला कारखान्यांचे प्लॉट मोजायचे. सात वर्षं नुसते चौकोन मोजून जीव विटला, तेव्हा जळगावातल्या एका लहानशा संस्थेत आले. ही संस्था रानं राखते. ज्याला आपलं रान विकायचं नाही, फोडायचं नाही, जनावरांसाठी आहे तसंच ठेवायचं आहे, त्याच्याकडून दानपत्र करून घेते. मग तिथं कुणाला सुरुंग लावता येत नाही. मात्र दानपत्राआधी जमीन कुठून कुठवर आहे हे पक्कं लागतं. ते काम माझं. आणि मी हट्टी आहे, हे सांगून ठेवलेलं बरं. घरचे म्हणतात, हिनं एकदा खुंटी ठोकली की बैल लावूनही निघत नाही.

त्या वर्षी काम होतं जीवराम नानांचं. नाना यावलकडचे केळीवाले, वय ऐंशीच्या पुढं. खाली त्यांच्या केळीच्या बागा आणि वर सातपुड्याच्या पायथ्याशी अडतीस एकर रान. सालई, अंजन, मोह, गुडघाभर वाळलं गवत, आणि एका कडेला मे महिन्यातही न आटणारा झिरा. दोन्ही बाजूंना सरकारी जंगल आणि मध्ये हे रान. इकडून तिकडे जाणारं प्रत्येक जनावर या झिऱ्यावर पाण्याला थांबतं. अस्वल, बिबट्या, आणि एकदा आमच्या कॅमेऱ्यात पट्टेवाला वाघसुद्धा आला होता.

शेजारची जमीन एका खडी क्रशरवाल्यानं घेतली होती. त्याचं म्हणणं, झिरा माझ्या हद्दीत येतो. त्यानं सरकारी मोजणी मागवली होती, सोमवारची. झिऱ्याजवळचा हद्दीचा दगड मात्र जागेवर नव्हता, त्याचा खड्डाही बुजवून टाकला होता. कुणी उपटला ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सांगायला कुणी पुढं येत नव्हतं.

"पोरी, झिरा गेला तं तथी राह्यलं काय?" नाना खाटेवरून म्हणाले होते. "दगडं. दगडं राखाले मले तुमची संस्था कायले पाह्यजे?"

म्हणून गुरुवारी सकाळी मी मोजणीचं मशीन घेऊन रानात गेले. सोबत तेरसिंग भाऊ. हे पावरा आदिवासी, जवळच्या पाड्यावरचे, पासष्टीचे. नानांचं रान तेच राखतात. घरी पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी.

माझ्याकडे जुनं टिपण होतं. टिपण म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळी हातानं काढलेलं शेताचं चित्र. कोपरे आणि त्यांच्यामधली अंतरं. हे नव्वदेक वर्षांपूर्वीचं. चार कोपऱ्यांचे आकडे सुबक अक्षरात होते. झिऱ्याजवळच्या पाचव्याच्या जागी नुसता शाईचा ठिपका. लिहिणाऱ्यानं टाक टेकवला होता आणि पुढं काही लिहिलंच नव्हतं.

पहिले चार कोपरे साडेअकरापर्यंत झाले. तेरसिंग भाऊ प्रत्येक दगडाशी लाल-पांढरी झेंडी धरून उभे राहायचे, मी मशीनच्या दुर्बिणीतून ती पकडून अंतर घ्यायचे. आमच्या कामात एक रीत आहे. मोजणीवाल्यानं हात हलवून सोडल्याशिवाय झेंडीवाल्यानं जागा सोडायची नाही. अर्धा हात सरकला तरी शेतच बदलतं.

चौथ्या दगडापाशी मी मशीन लावलं आणि भाऊंना म्हटलं, झिऱ्याच्या पलीकडे जाऊन दगडाचा काही माग लागतो का बघा. टिपण चाळून डोळा दुर्बिणीला लावला तेव्हा ते पोचलेले दिसले. झिऱ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीपाशी, झेंडी ताठ धरून. मी बटण दाबलं. दोनशे बारा मीटर. वहीत आकडा लिहिला.

मग माझ्या लक्षात आलं की तापलेल्या वाऱ्याची लू सुटली आहे. माझी ओढणी फडफडत होती, गवत आडवं होत होतं. झेंडीचं कापड मात्र हलत नव्हतं...

"ताई, पानी ल्या." मागून आवाज आला.

तेरसिंग भाऊ माझ्या पाठीशी उभे होते. हातात बाटली. "पानी सरनं व्हतं, म्हनीसन मी पहिले झाडखाले गऊ."

मी नुसत्या डोळ्यांनी झिऱ्याकडे पाहिलं. ऊन, गवत, करवंदीची जाळी, बाकी काही नाही. परत दुर्बीण लावली. तो होता. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, दोन्ही हातांनी झेंडी छातीशी धरलेली. तोंड माझ्याकडे. चेहरा उन्हानं धुवून निघाल्यासारखा, त्यात डोळे कुठं ते कळत नव्हतं.

"भाऊ, तिथं कोणी माणूस ठेवलाय का तुम्ही?"

"कोनलेच नै." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "काय दिखनं तुम्हले?"

मी सांगितलं. ते खाली उकिडवे बसले. गवताची एक काडी मोडली.

"मना आजा," ते म्हणाले. "बादल नाव व्हतं. साहेब येल व्हता मोजाले. आजाले तठे उभं करं, हातमा झेंडी दिनी. सांगं, मी हात हालाडस नै तवलग हालू नको..."

"मग?"

"साहेबले ऊन लागनं. त्याले गाडीमा टाकीसन लई गयात. आजाले कोनी सांगं नै." ते थांबले. "दुसरा दिवसे आजी पानी लई गई. तो उभाच व्हता, ताई. बोटे सोडाई सोडाई झेंडी काढनी पडनी."

पाड्यावरचं कुणी भरदुपारी झिऱ्यावर जात नाही. आजा नेमका कुठं उभा होता हे त्यांच्यात आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरं सांगते, मला भीती वाटली. पण त्याच वेळी दुसरंही मनात आलं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. हा माणूस पाचव्या कोपऱ्यावर उभा आहे. नव्वद वर्षं एक तसूही न सरकता. ज्या जागेसाठी मी आठवडाभर डोकं फोडून घेत होते, तिथंच. सोमवारी क्रशरवाला झिरा घेऊन जाणार होता, आणि मी काय, घाबरून जळगावला जाऊन बसू?

"भाऊ, दुर्बिणीला डोळा लावा. मी तिकडे जाते. मला तो दिसणार नाही. तुम्ही हातानं डावीकडे, उजवीकडे दाखवा. मी बरोबर त्याच्या जागेवर आले की हात खाली घ्या."

"नको ताई..."

"झिरा जाईल, भाऊ."

त्यांनी डोळा लावला. पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात आजाचं नाव घेतलं. डोळा मात्र काढला नाही त्यांनी.

मी निघाले. दोनशे बारा मीटर म्हणजे काही फार नाही, पण त्या दिवशी ते संपेना. झिरा ओलांडला तसा पक्ष्यांचा आवाज बंद झाला. मागं वळून पाहिलं की भाऊंचा हात दिसायचा. डावीकडे. आणखी डावीकडे. पुढं. तापलेल्या कापडाचा वास यायला लागला, इस्त्री जरा जास्त वेळ ठेवल्यावर येतो तसा. एक पाऊल उजवीकडे. आणि मग, कानाच्या अगदी जवळ, कोरड्या घशातून ओढलेला श्वास... एक... दुसरा...

मी डोळे मिटले नाहीत. दूर भाऊंचा हात खाली गेला.

मी जिथं उभी होते तिथंच, दोन पायांच्या मध्ये, खुंटी ठोकली. तीन घाव घातले. प्रत्येक घावाला तो श्वास थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. मग मी चालत परत आले. पळाले नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी तिथं खणलं. जुने मोजणीवाले हद्दीचा दगड रोवण्याआधी खाली कोळसा पुरायचे. दगड कुणीही उपटतो, पण खालच्या कोळशाची आठवण कुणाला राहत नाही, आणि कोळसा कुजतही नाही. हातभर खोलीवर काळा थर लागला. कोळसा आणि कौलाचे तुकडे. भाऊंनी एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि होता तिथं परत ठेवला.

सोमवारी सरकारी मोजणीदारानं पंचांसमोर खड्डा पाहिला आणि हद्द तिथूनच धरली. झिरा नानांचा ठरला. क्रशरवाला बरंच बोलला, पण कोळशापुढं त्याची डाळ शिजली नाही. दहा दिवसांनी नानांनी दानपत्रावर सही केली आणि मला म्हणाले, "आता मी मेलो तरी चालते." मी त्यांना दटावलं. डोळे माझेही भरले होते.

त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर तेरसिंग भाऊंनी मला गाठलं.

"ताई, काम व्हयनं. आते त्याले सोडा." त्यांनी हात जोडले. "आम्ही कितलाबी सांगं, तो आयकस नै. त्याले मोजनीवालाना हात पाह्यजे."

बरोबर होतं त्यांचं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी भरदुपारी आम्ही रानात गेलो. चौथ्या दगडावर मशीन लावलं, दुर्बीण फिरवली. तो होता, तसाच. मी उजवा हात वर केला. आता फक्त हलवायचा होता.

आणि का कुणास ठाऊक, दुर्बीण मी जरा वर उचलली.

त्याच्या मागं, आमच्या हद्दीच्या पलीकडे, उतारावर आणखी एक उभा होता. झेंडी धरून. त्याच्या वर आणखी एक. नाल्याच्या काठानं, टेकाडाच्या कडेनं, पार सातपुड्याच्या धारेपर्यंत... बाया होत्या, म्हातारे होते. मोजणी अर्धीच राहिलेल्या, न राखलेल्या प्रत्येक रानाच्या कोपऱ्यावर एकेक. सगळ्यांची तोंडं माझ्या वर केलेल्या हाताकडे होती.

मी एकाला सोडलं असतं तर सगळे सुटले असते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्या वरच्या रानांचे दगड केव्हाच उपटले गेले आहेत आणि तिथं टिपणंही नाहीत. कोपरे ठाऊक आहेत ते फक्त त्यांना.

मी हात हलवला नाही. सावकाश खाली घेतला.

"गया का, ताई?" भाऊ कुजबुजले. "गया का तो?"

"नाही, भाऊ... अजून मोजणी बाकी आहे."

ते मान फिरवून झाडाखाली जाऊन बसले. आज चार वर्षं झाली. आणखी तीन रानं आम्ही राखली, प्रत्येक कोपरा कोळशासकट सापडला. भाऊ येतात, झेंडी धरतात, पण माझ्या डोळ्यांत बघत नाहीत. त्यांची मी अपराधी आहे, आणि तरीही उद्या पुन्हा तेच करीन.

फक्त एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. त्या रांगेत, वरच्या नाल्याच्या वळणावर, एका कोपऱ्यावर झेंडी नुसतीच जमिनीत रोवलेली आहे. धरणारं कुणी नाही. आजूबाजूचे दोघं मात्र मध्ये माझ्याएवढ्या एका माणसाची जागा सोडून उभे आहेत. ते रान आमच्या यादीत पुढचं आहे. येत्या मे महिन्यात मोजायला मीच जाणार आहे.